सुटी केलेली मस्टँग आणि ४०१-केचं कर्ज

प्रश्न थोडक्यात असा. नोव्हाय, मिशिगनचे एक वाचक, वय ४४, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. १९६६ची फोर्ड मस्टँग, हार्डटॉप (साध्या पक्क्या छताची), सहा सिलिंडरची, चालू स्थितीत ९,५०० डॉलरला मिळते आहे. घरच्या गॅरेजमध्ये ती उघडून त्यात व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, पाच गिअरचा गिअरबॉक्स, पुढे डिस्क ब्रेक आणि नवा रंग असा बेत आहे. कामाचा खर्च १६,००० धरलाय आणि तो ४०१-केवर, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यावर, कर्ज काढून करायचाय. चार वर्षांनी गाडी ४०,०००ला विकायची. मुलगी तीन वर्षांनी कॉलेजात जाईल. बँकेत ४१,००० आहेत, घरखर्च महिना ६,५००, आणि सगळं भागून महिन्याला ७०० उरतात. ‘ही गुंतवणूक योग्य आहे का?’

नमस्कार. गाडी घ्या, पण यंदा नको, कर्जाने नको, आणि व्ही-८ तर नकोच. आता एकेक सांगतो.

आधी तुमचाच हिशेब पुढे नेतो. ९,५०० अधिक १६,००० म्हणजे २५,५००, विक्री ४०,०००, नफा १४,५००. यात मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर नाही, ते झाले ५७०. वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर, इंजिन उचलायचा होइस्ट आणि बारीकसारीक हत्यारं यांचे मी ४,००० धरतो. उरले साधारण ९,९००. अशा पूर्ण कामाला हजार तास सहज जातात, म्हणजे तासाला दहा डॉलरही पडत नाहीत. आठवड्याला सहा तास, वर्षातले चाळीस आठवडे, असं धरलं तर २४० तास होतात. चार वर्षं पूर्ण होतील तेव्हाही काम उरलेलंच असेल. शिवाय नफा झालाच तर तो करपात्र, आणि तोटा झाला तर स्वतःच्या वापरातल्या वस्तूचा तोटा करात वजा मिळत नाही.

४०,०००चा आकडा तुम्ही कुठून आणलात याचा अंदाज आहे. लिलावात गाजतात त्या फास्टबॅक (मागे उतरत्या छताची), शेल्बी (शर्यतीच्या धर्तीवर बनवलेली मस्टँग), किंवा मूळची के-कोड (जोरदार व्ही-८) इंजिनवाली गाडी. १९६६ साली फोर्डने सहा लाखांहून जास्त मस्टँग बनवल्या आणि त्यांतल्या जवळपास पाच लाख हार्डटॉप होत्या. तुमच्या गाडीच्या व्हीआयएनमध्ये (गाडीवर कोरलेल्या ओळख-क्रमांकात) पाचवं अक्षर ‘टी’ असेल, म्हणजे २०० घनइंचाचं सहा सिलिंडर इंजिन. बॉनेटखाली काहीही बसवलंत तरी ते अक्षर बदलत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच वाचतं.

बरं, व्ही-८ म्हणजे नुसतं इंजिन बदलणं नव्हे. सहा सिलिंडरच्या गाडीची चाकं चार नटांची, व्ही-८ची पाच नटांची. म्हणजे पुढचे स्पिंडल, ब्रेक, स्प्रिंगा, मागचा अख्खा ॲक्सल, रेडिएटर, एक्झॉस्ट, सगळं बदलत जायचं. तुमच्या १६,०००तला मोठा घास हाच खाणार आणि विकताना तो परत मिळणार नाही. व्ही-८च हवं असेल तर कारखान्यातूनच व्ही-८चं ‘सी’ अक्षर घेऊन आलेली गाडी जास्त पैसे देऊन घ्या. शेवटी ती स्वस्त पडते.

पण मला खरी काळजी वाटते ती मधल्या काळाची. चालती गाडी ९,५००ची. तुम्ही ती जॅकवर चढवून इंजिन काढलंत, काचा काढल्यात, वायरिंग पिशव्यांत भरलंत की त्याच संध्याकाळी ती तीन-चार हजारांची होते, कारण दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम कोणी भाव देऊन घेत नाही. पुढे तुम्ही तीत दहा हजार ओतले तरी ती पुन्हा जोडून रस्त्यावर येईपर्यंत हा भाव फारसा हलत नाही. तीन-चार वर्षं तुमचे पैसे अशा वस्तूत अडकणार, जी त्या काळात विकणं म्हणजे फेकून देणं.

आता यावर ४०१-केचं कर्ज ठेवून बघा. ‘व्याज आपलंच आपल्याला मिळतं’ हे खरं. पण नोकरी गेली तर उरलेली रक्कम त्या वर्षीचं कर-विवरण भरायच्या मुदतीपर्यंत परत टाकावी लागते. नाही जमलं तर ती काढून घेतलेली धरतात, त्यावर कर, आणि तुमच्या वयाला वर १० टक्के दंड. तुमचा पगार मोटारउद्योगावर चालतो. डेट्रॉइटला मंदी आली की तुमची नोकरी डळमळणार, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन शेजारीही त्याच उद्योगातले असल्याने गिऱ्हाईकही त्याच महिन्यात आटणार. कर्ज फेडायची वेळ आणि गाडी सुटी पडलेली असायची वेळ नेमकी एकच निघू शकते. घरावरचं कर्ज काढावं का, असंही तुम्ही विचारलंय. तेही नको. ते पैसे घरासाठी वापरले नाहीत तर व्याजाची वजावट मिळत नाही, आणि हौशीपायी घर तारण ठेवायला मी कोणालाच सांगत नाही.

मग पैसा कुठून? सहा महिन्यांचा घरखर्च ३९,०००. त्याला हात लावायचा नाही, म्हणजे तुमचे मोकळे फक्त २,०००. महिन्याचे ७०० वर्षभर बाजूला टाकलेत तर ८,४००, एकूण १०,४००. पुढच्या वर्षी एवढ्यात गाडी आणि विक्रीकर दोन्ही बसतं, वर ३३० उरतात. तोवर ही गाडी गेली तर जाऊ द्या. पाच लाख बनवल्या होत्या, दुसरी मिळेल. हिवाळा तोंडावर आला की जागा अडते म्हणून विकणारे बरेच असतात, तेव्हा घासाघीसही जमते.

गाडी आल्यावर ७००चाच हप्ता, आता कामासाठी, आणि नियम एकच: दर काम संपलं की गाडी चालली पाहिजे. पहिलं काम ब्रेकचं. १९६६च्या गाडीत चारही चाकांचे ब्रेक एकाच सर्किटवर आहेत. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. पुढच्या-मागच्या ब्रेकना वेगळा दाब देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७पासून आला. तो आणि पुढचे डिस्क बसवा, काढलेले भाग खोक्यात जपून ठेवा. हा बदल कोणत्याही गिऱ्हाइकाला खटकत नाही. दुसरं काम फरशीच्या पत्र्याचं, एका वेळी एक बाजू. मुलगी कॉलेजात गेली आणि ७०० आटले, तर गाडीवर आच्छादन घालून थांबता येईल. गाडी तेव्हाही शाबूत, किंमतही शाबूत.

वडिलांबरोबर नाशकात रविवारी प्रीमियर पद्मिनीचा कार्ब्युरेटर साफ करायचात, असं लिहिलंय. तो हात इथे नक्की कामाला येईल. वेल्डिंग मात्र वेगळी विद्या आहे. ते वर्षभरात कुठल्या तरी संध्याकाळच्या वर्गात शिकून घ्या. एक गोष्ट विसरू नका: या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची फरशी असते. मागे ठिणगी पाडण्याआधी टाकी बाहेर, आणि गॅरेज घराला लागून असेल तर घराच्या विमा कंपनीला आधी विचारा. रंग घरी मारू नका. आजच्या टू-पॅक (दोन घटक मिसळून मारायच्या) रंगातलं आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक आहे. तो खर्च शेवटी, वेगळे पैसे साठवून.

विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या. साधी पॉलिसी जुन्या गाडीची घसरलेली किंमत देते. पावत्या आणि फोटो ठेवा, दर मोठ्या कामानंतर किंमत वाढवून घ्या. मिशिगनची हिस्टॉरिक प्लेट (जुन्या गाड्यांसाठीची नंबरप्लेट) स्वस्त पडते. तिच्यावर एरवी प्रदर्शन, संचलन, क्लबचे कार्यक्रम एवढंच चालतं, पण ऑगस्टमध्ये मात्र रोज चालवता येते. वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे डेट्रॉइटकडची जुन्या गाड्यांची मोठी फेरी, त्याच महिन्यात असते. सहा सिलिंडरवाल्यालाही तिथे कोणी अडवत नाही.

येत्या शनिवारी ही गाडी बघायला जाणारच असाल तर जा, चेकबुक घरी ठेवून. लोहचुंबक न्या आणि पत्र्यावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे. मग मालकाच्या परवानगीने पुढच्या काचेखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओता आणि आतला गालिचा उचलून हात लावा. तिथला पत्रा आतून कुजतो, आणि दुरुस्तीला गाडीचा पुढचा बराच भाग उघडावा लागतो. हात ओला झाला तर ९,५०० हा त्या गाडीचा भाव नाही.