पोलच्या जोडीला हुला हूप: काय मिळतं, काय मिळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोल (उभ्या खांबावरचा नाच-व्यायाम) शिकायला लागून वर्ष झालं, क्लाइंब म्हणजे वर चढणं आणि साधे स्पिन म्हणजे पोलभोवती फिरणं जमतं, इन्व्हर्टही (पाय वर घेऊन उलटं होणं) बऱ्यापैकी होतो, पण स्वतःचा व्हिडिओ बघितला की सगळं तुकड्यातुकड्यांत दिसतं. त्यासाठी जोडीला हुला हूप शिकावा का? आणि लहानपणी कमरेवर एक फेरा टिकत नव्हता, तर आता जमेल का? दोन्हींचं उत्तर हो. पण तुम्ही पुढे लिहिलंय की ‘कोअरही मजबूत होईल’, त्या आशेवर मात्र राहू नका.

कमरेवर हूप फिरवताना पोटाचे आणि कुशीचे स्नायू काम करतात हे खरं. पण ते काम हलकं आणि लांबत जाणारं असतं. इन्व्हर्टला लागते ती ताकद निराळी. तिथे अख्ख्या शरीराचं वजन हातांवर ओढून धरायचं आणि त्याच वेळी गुडघे छातीकडे घ्यायचे असतात. रोज अर्धा तास हूप फिरवून दम वाढेल, इन्व्हर्ट नाही सुधारणार. त्याला बारला लटकून गुडघे वर घेणं, पोलवर टकमध्ये (गुडघे छातीशी घेऊन) थांबणं, आणि वर गेलेले पाय धप्पकन न सोडता सावकाश खाली आणणं हाच रस्ता आहे.

मग हूप कशाला? तर तुम्हाला जे खटकतंय, नेमकं त्याच्यासाठी.

पोलच्या क्लासमध्ये आपण बहुतेक वेळ नाव असलेल्या गोष्टी शिकतो. फायरमन आणि चेअर हे स्पिन, पोल सिट (मांड्यांनी पोल धरून बसणं), जेमिनी (एक पाय पोलला अडकवून उलटं लटकणं). एकातून दुसऱ्यात जाताना जे घडतं त्याला नाव नसतं, म्हणून त्याचा सरावही कोणी करत नाही. पोझ घेतली, हुश्श केलं, हात झटकले, पुढची पोझ घेतली. व्हिडिओत दिसतो तो हा हुश्श. हूपमध्ये त्याला जागाच नाही, थांबलात की हूप खाली. चालू हालचाल संपायच्या आत पुढची सुरू करावी लागते आणि ही खोड लागली की ती पोलवरही येते. रिकाम्या हाताचं तर विचारूच नका. पोल सिटमध्ये बसल्यावर मोकळा हात कुठे न्यायचा हे न कळून तो बाजूला लोंबत राहतो, हे नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं. हूप एका हातातून दुसऱ्या हातात जाताना देणारा आणि घेणारा असे दोन्ही हात कामात असतात. काही दिवसांत हातांना आपण कुठे आहोत याचं भान येतं.

दुसरा फायदा कमजोर बाजूचा. पोलवर ‘चांगली’ बाजू सोडवत नाही, कारण दुसऱ्या बाजूने पडायची भीती असते. हूपमध्ये चुकलं तर फार तर हूप घरंगळत जाईल. त्यामुळे उलट्या दिशेने फिरवण्याचा सराव पहिल्या दिवसापासून करा. सुरुवातीला अगदीच हास्यास्पद वाटतं, वाटू द्या.

आता हूप कोणता घ्यायचा. लहानपणी तुमच्याकडून फिरला नाही याचं बरंचसं खापर हूपवर फोडायला हरकत नाही. अमेरिकेत व्हॅम-ओ कंपनीने १९५८ साली प्लास्टिकचा हुला हूप बाजारात आणला तो खेळणं म्हणून, आणि खेळण्यांच्या दुकानातले हूप अजूनही तसेच छोटे आणि हलके असतात. हूप जितका लहान तितका त्याचा फेरा लवकर पूर्ण होतो आणि तितकीच घाई शरीराला करावी लागते. मोठा हूप सावकाश फिरतो, पुढचा धक्का द्यायला उसंत मिळते. मोठ्या माणसाने सुरुवात साधारण १०० सेंटिमीटर व्यासाच्या हूपने करावी, कंबर रुंद असेल तर १०५ ते ११०. जमिनीवर उभा धरल्यावर तो बेंबी आणि छाती यांच्यामध्ये कुठेतरी यायला हवा. पाइप साधारण २५ मिलिमीटर जाडीचा आणि वजन ५०० ते ७०० ग्रॅम असलं की पुष्कळ झालं. आतल्या बाजूला कापडी टेप गुंडाळा म्हणजे घसरणार नाही.

फिटनेससाठी म्हणून विकले जाणारे दीड-दोन किलोचे, फुगवट्यांचे हूप घेऊ नका. कमरेच्या हाडांवर आणि फासळ्यांवर काळेनिळे डाग उठतात, आणि ते डाग आपल्याला पोल फुकटात देतोच. कमरेला पट्ट्यासारखा बसणारा आणि दोरीला वजन टांगलेला प्रकार तर हूप म्हणून धरूच नका. तो निसटून पडतच नाही, त्यामुळे शिकवतही काही नाही.

कपड्यांच्या बाबतीत पोलवाल्यांचं बरं असतं. शॉर्ट्स आणि आखूड टॉप घालतोच, आणि उघड्या कातडीवर हूप छान धरतो. गुळगुळीत लेगिंग्जवरून मात्र तो लोण्यावरून सुरी सरकावी तसा खाली येतो.

कंबर. बहुतेकजण इथे कंबर गोल गोल घुमवतात आणि फसतात. एक पाय थोडा पुढे ठेवा, गुडघे सैल. हूप पाठीला टेकवून आडवा धरा, अगदी समतल, मग जोरात एका बाजूला ढकला. आता फक्त पुढे-मागे, पुढे-मागे. हूप पोटावरून जाताना पोटाने त्याला हलका धक्का द्यायचा, पाठीवरून जाताना पाठीने. बाकीचा फेरा तो आपला आपण पूर्ण करतो. घसरायला लागला की आपण घाबरून हालचाल मोठी करतो, तिथेच तो हातचा जातो. हालचाल मोठी नाही, जलद करायची आणि गुडघे जरा आणखी वाकवायचे. आणखी एक युक्ती: हूप ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने स्वतः छोटी पावलं टाकत वळा. तुम्ही त्याच्यासोबत फिरलात की शरीराच्या मानाने त्याचा वेग कमी होतो आणि सावरायला वेळ मिळतो. स्पिनिंग पोलवर (जो पोल स्वतःच फिरतो) चक्कर येत असेल तर हे वळणं दुहेरी कामाचं आहे. पाय जमिनीवर असताना, हवं तेव्हा थांबता येत असताना गरगरण्याची थोडी थोडी सवय होते. डावीकडे वळायची सवय उजवीकडे फारशी चालत नाही, म्हणून दोन्हीकडे वळा.

कंबर जमली की लोक तिथेच रमतात. पोलसाठी खरा माल त्याच्या पुढे आहे. छातीवर हूप फिरवताना हात वर आणि बरगड्या पुढे-मागे. पाठीचा वरचा भाग, जो दिवसभर खुर्चीत आखडलेला असतो, तो हळूहळू मोकळा होतो. पोलवर बॉडी वेव्ह करताना लाट छातीपाशी अडते ती याच भागामुळे. आणि दुसरं म्हणजे आयसोलेशन. हूप समोर उभा धरायचा आणि असा फिरवायचा की त्याचा मध्य हवेत जागचा हलत नाही, हात मात्र त्याच्या कडेने गोल फिरतो. बघणाऱ्याला हूप हवेत खिळल्यासारखा दिसतो. आरशासमोर करा, मध्य जरा सरकला तरी लगेच कळतं. याला ८० ते ८५ सेंटिमीटरचा, १६ किंवा १९ मिलिमीटर पाइपचा पॉलिप्रोपिलीनचा हूप लागतो. तो पाव किलोपेक्षाही हलका असतो आणि त्यावर कमरेचं शिकणं कठीण, म्हणून तो नंतर घ्या.

आठवड्याचं गणित सोपं आहे. कंबर आणि छातीचा हूप पोलच्या आधी दहा मिनिटं वॉर्मअप म्हणून उत्तम, कारण अंग तापतं आणि पकड ताजी राहते. सुट्टीच्या दिवशीही चालेल. हाताने फिरवायचे प्रकार मात्र सुट्टीच्या दिवशी बेतानेच. अंगठा, मनगट आणि कोपर पोलवर आधीच राबलेले असतात. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर तो भाग तूर्त सोडाच. कंबर किंवा पाठ नुकती दुखावली असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओ. आणि हो, एरियल हूप म्हणजे लायरा, ते निराळं प्रकरण. ती वरून टांगलेली लोखंडी रिंग, तिला लटकायचं असतं. पोलच्या जोडीला तेही छान, पण त्यात पकडीवरचा भार वाढतो.

दोन्ही एकत्र करता येतं का, असंही विचारलंय. येतं, पण घाई नको. कमरेभोवती हूप आणि मध्ये पोल, हे फिरत नाही, हूप पोलवर आपटतो. सुरुवात स्टॅटिक, म्हणजे न फिरणाऱ्या पोलवर पोल सिटने करा: मांड्यांची पकड पक्की, एक हात पोलला, दुसऱ्या हातावर डोक्याच्या वर हलका हूप आडवा फिरवायचा. हूपची कड पोलला लागू नये म्हणून वरचं अंग पोलपासून बाहेर झुकवावं लागतं, म्हणजे जी पोझ हात सोडून आरामात टिकते तीच इथे वापरायची. जेमिनीमध्ये उलटं लटकून हातावर फिरवणं फार देखणं दिसतं, पण ती पोझ दमलेली असतानाही सुटत नाही इतकी अंगात मुरेपर्यंत थांबा. क्रॅश मॅट (पोलखाली टाकायची जाड गादी) हवीच, आणि खाली कोणी उभं नको. स्पिनिंग पोलवर एक गंमत कळेल. हूप हात लांब करून धरला की फिरणं मंदावतं, जवळ घेतला की वेग वाढतो. पाय बाहेर-आत करून आपण हेच करतो, फक्त हूपने ते ठळक दिसतं.

हातांना पकड वाढवायचं पोलचं ग्रिप किंवा लिक्विड चॉक लावलेलं असेल तर हूप हातात घ्यायच्या आधी ते धुऊन टाका. चिकट हातात आयसोलेशन अडकत अडकत होतं आणि टेपवर काळा थर बसतो, तो निघता निघत नाही.