कोंबड्याला घरघर लागली तर

तुमचा कोंबडा चोच उघडून श्वास घेत असेल, रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येत असेल आणि त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसत असेल, तर त्याला आजच इतर कोंबड्यांपासून वेगळे, उबदार पण हवेशीर जागी ठेवावे. उचलताना छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास आत जातो. मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा श्वसनविकार बहुधा असाच सुरू होतो. प्रतिजैविक पशुवैद्यांनीच ठरवावे आणि सांगितले तितके दिवस द्यावे. पुन्हा बांग ऐकू आली म्हणून मी ते मध्येच थांबवले होते आणि आजार उलटला. बरा झालेला पक्षीही जंतू बाळगून असू शकतो, म्हणून नवे पक्षी त्याच्यात मिसळू नयेत. खुराड्यात कोंबड्याच्या उंचीवर वाकून पाहावे; डोळे चुरचुरले, तर ओल्या तुसातला अमोनिया त्याच्या श्वासनलिकेला सतत जाळतो आहे, तेव्हा तूस लगेच बदलावे. हिरवी हगवण लागली किंवा मान पिळवटली, तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, शंका घ्यावी; त्यावर औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. एकापाठोपाठ पक्षी मरू लागल्यास सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे.