पॅथॉलॉजीत करिअर म्हणजे दिवसभर रक्तच काढायचं का?

अहो नाही, रक्त काढणं, मशीनवर सॅम्पल लावणं हे बहुतेक डीएमएलटी म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा केलेले टेक्निशियन करतात, पॅथॉलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर अजून 3 वर्षं एमडी केलेला डॉक्टर, गाठ साधी आहे की कॅन्सरची हे मायक्रोस्कोपखाली बघून तोच सांगतो. पेशंटला त्याचं नावही माहीत नसतं म्हणा, रिपोर्टखालची सही कोण वाचतं!

पण आपल्याकडे भारी माणसं झालीत यात. डॉ. वसंत खानोलकर लंडनला शिकून आले, मुंबईत 1941 ला टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हा तिथली लॅब त्यांनीच उभी केली, 1954 ला पद्मभूषण. आणि बॉम्बे ब्लड ग्रुप ऐकलाय ना, तो 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच शोधला, टेस्टमध्ये ओ दिसतो पण त्या माणसाला ओ चं रक्तसुद्धा चालत नाही.