पाटल्या आणि कार्यालयातील नजरा

प्रश्न : मी सांगलीतील एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. सासूबाईंनी दिलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या मी रोज घालते. अलीकडे सहकारी ‘वरकमाई जोरात दिसते’ अशी थट्टा करतात. पाटल्या काढून ठेवाव्यात का?

उत्तर : ताई, पाटल्या घालण्यात काहीही गैर नाही, मात्र थट्टेकडे दुर्लक्ष करा, असा सोपा सल्ला मी देणार नाही. सरकारी टेबलावरचे सोने लोक कारागिरीसाठी नव्हे, तर ते आले कोठून या शंकेने पाहतात, आणि हळदीचा दर पडलेल्या वर्षी दाखल्यासाठी तिसरी खेप घालणाऱ्या शेतकऱ्याला तुमच्या सासूबाईंची माया कशी दिसावी?

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार कर्मचाऱ्याला मत्ता व दायित्वांचे विवरणपत्र द्यावे लागते. त्यात दागिन्यांची नोंद कशी करावी, हे आस्थापना शाखेत विचारून घ्या. पाटल्या जुन्या असल्याने पावती नसेल, तर सराफाकडून वजन व कस तपासून मूल्यांकनाचा कागद घेऊन ठेवावा.

थट्टा करणाऱ्याला एकदा, चारचौघांत, शांतपणे सांगा की हे सासूबाईंचे देणे आहे. (अशा थट्टेत मत्सराचा अंश बहुधा असतोच.) तरीही लोकांशी थेट संबंध येणाऱ्या खिडकीवर काम असेल त्या दिवशी मंगळसूत्र व काचेच्या बांगड्या मला अधिक योग्य वाटतात, पाटल्या सणासमारंभाला अवश्य घाला.