मुलाआधी तुमचं ताट बघू

एका आईचं पत्र आलंय. मुलगा नऊ वर्षांचा, जन्म परदेशातला, पण घरचं सोडून काही तोंडात घालत नाही. मित्राच्या वाढदिवसाहून उपाशी परत येतो. पत्राच्या शेवटी सहज एक ओळ आहे : ‘आम्ही दोघंही बाहेर गेलो की भारतीय हॉटेलच शोधतो.’ ताई, उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंत की!

मूल ताटात बघायच्या आधी आईबाबांच्या चेहऱ्याकडे बघतं. शेजाऱ्यांनी दिलेला डबा उघडून तुम्ही नाक मुरडलंत की त्याच्यापुरता तो पदार्थ संपला. मग ‘एक घास तरी खा’ म्हणण्यात काही अर्थ राहत नाही.

आणि पहिल्या घासाला आवडायलाच हवं, असा हट्ट नको. अनोळखी पदार्थाची धास्ती साधारण दोन ते सहा या वयात सर्वात जास्त असते; पुढे ती ओसरते, पण काहींची मोठेपणीही जात नाही. लहान मुलांवरच्या अभ्यासांत दिसलंय, की एखादी चव अंगवळणी पडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही चाखावी लागते. आपण दुसऱ्याच खेपेला ‘त्याला नाहीच आवडत’ म्हणून मोकळे होतो. घास नखाएवढा द्या. नको वाटला तर कागदी रुमालात काढू द्या. ‘हे संपवलंस तर आइस्क्रीम’ हे मात्र अजिबात नको. त्याने समोरचा पदार्थ शिक्षाच वाटायला लागतो.

सुरुवात कुठून करायची, तर माझं मत इथिओपियाच्या जेवणाला. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून केलेला मोठा, मऊ, जाळीदार, डोशासारखा इंजेरा, त्यावर मसूर, भाज्या, तिखट रस्से. काटे-चमचे नाहीत, उजव्या हाताने तुकडा तोडायचा. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवार-शुक्रवारी उपास करतात, त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. त्यामुळे शाकाहारी थाळी बहुतेक ठिकाणी मिळते. प्रेमाने दुसऱ्याला हाताने घास भरवायची त्यांची रीत आहे, तिला गुर्शा म्हणतात. एका इथिओपियन घरी जेवायला गेलो, तेव्हा आमच्या लेकीने अर्धा तास ताटाला बोट लावलं नव्हतं. यजमानांच्या आजींनी घास पुढे केला. परक्या आजींना नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही. तोंड आंबट करून चावला, गिळला, आणि दोन मिनिटांनी हळूच स्वतःच एक तुकडा तोडला. मी छताकडे बघत राहिले.

शाकाहारी घरांसाठी थोडं जास्त लिहिते, कारण मी स्वतः फसलेय. सहा महिने आवडीने मिसो हे जपानी सूप प्यायले. मग कळलं, की त्याचं मूळ पाणी, म्हणजे दाशी, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कात्रणांचं असतं. किमची या कोरियन लोणच्यात अनेकदा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट, मेक्सिकन परतलेल्या राजम्यात कधीकधी डुकराची चरबी. वाढणारा खोटं बोलत नाही. ‘यात मांस आहे का?’ विचारलं तर ‘नाही’च म्हणतो, कारण अनेकांच्या हिशेबी मासे मांसात मोडत नाहीत. म्हणून सरळ विचारा : सूप कशाच्या पाण्याचं? वाटणात मासे, कोळंबी? तळलंय कशात? शेंगदाणे, तीळ यांची अ‍ॅलर्जी असेल तर हे दरवेळी विचारायचं, ओळखीच्या हॉटेलातही.

उलट बाजूही सांगते. तुमच्याकडे आलेल्या पाहुण्याने कोथिंबीर बाजूला काढली तर रागावू नका. काहींना ती खरंच साबणासारखी लागते, आणि त्याचा संबंध वासाच्या एका जनुकाशी असल्याचं आढळलंय. चोचले नाहीत ते.

आता मुलाचं. पुढच्या वाढदिवसाला त्याला घरून पोटभर जेवून पाठवू नका. परतल्यावर ‘काय खाल्लंस?’ ऐवजी ‘काय काय होतं?’ विचारा. आणि येत्या शनिवारी भारतीय सोडून कुठलंही हॉटेल निवडा. तो काही घेणार नाही, चालेल. तुम्ही दोघं मागवा, चवीने खा. त्याने तुमच्या ताटातलं काही उचललं, तर दिसलंच नाही असं दाखवा.