पीएमपी सांगलीतून करावी की कॅनडात पोचल्यावर?

तुम्ही विचारलंय: सिव्हिलची डिग्री आहे, कुपवाड एमआयडीसीतल्या शेडची आणि साखर कारखान्यातली कामं धरून पाच वर्षांचा अनुभव आहे, दहा महिन्यांनी ऑन्टारिओला जायचंय, तर पीएमपी, म्हणजे पीएमआय या संस्थेची प्रोजेक्ट मॅनेजरांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा, निघण्याआधी करावी की तिकडे स्थिरावल्यावर? निघण्याआधी करा. परीक्षा जगभर एकच आहे, पण अर्जाला लागणारी माणसं सांगलीत आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्यासाठी (पीआर) अर्जदारांना गुण देण्याच्या पद्धतीत, पीएमपीला एकही गुण मिळत नाही. पीआर अजून व्हायची असेल तर भाषेची परीक्षा आणि डिग्रीचं मूल्यांकन आधी, पीएमपी नंतर. ऑन्टारिओत स्वतःला इंजिनिअर म्हणवून काम करायला प्रांताचं लायसन्स लागतं, ती जागा पीएमपी भरून काढत नाही. तिचा उपयोग प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर, शेड्यूलर, असिस्टंट प्रोजेक्ट मॅनेजर अशा जागांसाठी होतो. तुमच्या कंपन्यांची नावं तिकडे कुणाला माहीत नसतात, पण ही तीन अक्षरं माहीत असतात.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती अर्जात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. डिग्री असेल तर मागच्या काही वर्षांत मिळून ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो, डिप्लोमा असेल तर त्याहून जास्त. पद मॅनेजरचंच हवं असं नाही. साइट इंजिनिअर असताना वेळापत्रक, सबकॉन्ट्रॅक्टर, खर्च आणि ग्राहक तुम्ही सांभाळत असाल तर ते धरलं जातं. महिने मोजताना मात्र चूक होते. मार्च ते ऑगस्ट शेडचं काम आणि जून ते नोव्हेंबर कारखान्याची पाइपलाइन, असं असेल तर ते १२ महिने होत नाहीत, ९ होतात. एकाच वेळी चाललेली कामं एकदाच मोजायची.

दुसरी अडचण प्रोजेक्ट कशाला म्हणायचं याची. गळीत हंगाम चालवणं, रोजचा मेंटेनन्स, दरमहाची बिलं हे प्रोजेक्ट नव्हे. नवा बॉयलर बसवणं, को-जनरेशनची इमारत, गोडाऊन, हे प्रोजेक्ट: सुरुवात आहे, शेवट आहे, शेवटी हातात काहीतरी नवं आहे. प्रत्येक कामाचं वर्णन लिहिताना उद्देश काय होता, तुमची जबाबदारी काय, काम कोणत्या पद्धतीनं केलं आणि निष्पन्न काय झालं, हे चारही आलं पाहिजे. 'आरसीसी कामावर देखरेख केली' एवढ्यावर अर्ज परत येतो.

काही अर्ज ऑडिटसाठी निवडले जातात. ही निवड रँडम असते, त्यात कमीपणा काही नाही. निवड झाली की ९० दिवसांत डिग्रीची प्रत, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी त्या वेळच्या वरिष्ठांची किंवा तुमचं काम माहीत असलेल्या माणसाची सही द्यावी लागते. सांगलीत बसून हे काम आठवड्याभरात होतं. टोरंटोहून कुपवाडच्या कॉन्ट्रॅक्टरची सही मिळवायची म्हणजे फोनवर फोन, आणि तोवर तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असू शकतो. अर्ज भरण्याआधीच प्रत्येकाला भेटा, काय लिहिलंय ते दाखवा आणि ते रोज बघतात तो ईमेल घ्या.

अर्जाला ३५ तासांचं प्रशिक्षणही लागतं, ते कुठल्याही रीतसर कोर्समधून चालतं, ऑनलाइनही. नुसतं पुस्तक वाचलेलं त्यात धरत नाहीत. ३६ महिने भरतच नसतील तर ओढूनताणून भरू नका. सीएपीएम (CAPM) ही पीएमआयचीच खालची पायरी आहे, तिला २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं आणि अनुभव लागत नाही.

आता अभ्यास. जुन्या नोट्समध्ये पीएमबोकच्या (पीएमआयच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या) सहाव्या आवृत्तीतल्या ४९ प्रोसेस आणि त्यांचे इनपुट-आउटपुट पाठ करायला सांगितलेलं असतं. त्यात वेळ घालवू नका. प्रश्न प्रसंगावर येतात आणि निम्म्याच्या आसपास अ‍ॅजाइल किंवा हायब्रिड पद्धतीचे असतात. पहिली म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत बदल सामावून घेणं, दुसरी म्हणजे ती आणि आधी सगळं ठरवून काम करणं यांचं मिश्रण. बांधकामातून येणाऱ्यांना तिथंच अवघड जातं, त्यामुळे प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी ते ठरवणारा), बॅकलॉग (बाकी कामांची यादी), स्प्रिंट (कामाचा छोटा ठरावीक टप्पा), रेट्रोस्पेक्टिव्ह (टप्प्यानंतरचा आढावा) या गोष्टींना पहिले दोन-तीन आठवडे द्या.

त्याहून अवघड जाते ती सवय. आपल्याकडे मालकानं फोन करून 'शेड दोन फूट वाढव' म्हटलं की फोन ठेवायच्या आत गवंड्याला निरोप जातो. परीक्षेत हे उत्तर चुकीचं. आधीच सगळं ठरवून चालणाऱ्या (प्रेडिक्टिव्ह) प्रोजेक्टमध्ये आधी खर्च, वेळ आणि धोक्यावर काय परिणाम होईल ते तपासायचं, चेंज रिक्वेस्ट नोंदवायची, मंजुरी आली की काम. अ‍ॅजाइलमध्ये तीच मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते आणि बॅकलॉगमध्ये कितव्या नंबरला घ्यायची ते तो ठरवतो. टीममध्ये भांडण असेल तर आधी त्या दोघांशी बोला. थेट साहेबांकडे नेणं किंवा माणूस बदलणं हे पर्याय बहुतेक वेळा चुकीचे असतात. सराव करताना उत्तर चुकलं की बरोबर पर्याय कोणता, एवढं बघून पुढे जाऊ नका. तुमचा पर्याय का चुकला ते एका ओळीत लिहा. महिनाभरात तीच तीन-चार कारणं परत परत दिसू लागतील.

गणित थोडंच येतं, पण सोडू नका. शेडचं बजेट ४० लाख. आजपर्यंत निम्मं काम व्हायला हवं होतं, म्हणजे प्लॅन्ड व्हॅल्यू २० लाख. झालंय ४० टक्के, म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू १६ लाख. खर्च झाला २० लाख. सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू भागिले खर्च, १६ भागिले २०, म्हणजे ०.८. एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक) म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू भागिले प्लॅन्ड व्हॅल्यू, तोही ०.८. एकापेक्षा कमी म्हणजे खर्च जास्त आणि काम मागं. याच गतीनं चाललं तर एकूण खर्च ४० भागिले ०.८, म्हणजे ५० लाख. स्वतःच्या जुन्या साइटचे आकडे घालून अशी पाच-सहा गणितं करा, सूत्रं पाठ करावी लागणार नाहीत.

परीक्षेच्या २०२१ च्या आराखड्यात १८० प्रश्न आणि २३० मिनिटं आहेत, निगेटिव्ह मार्किंग नाही. ६० आणि १२० प्रश्नांनंतर दहा मिनिटांचा ब्रेक मिळतो, पण ब्रेकनंतर मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. पहिले ६० संपतील तेव्हा साधारण १५३ मिनिटं उरलेली असावीत, १२० ला ७७. या आराखड्यात व्यवसायाच्या वातावरणावरचे प्रश्न ८ टक्के आहेत; जुलै २०२६ पासूनच्या नव्या आराखड्यात ते २६ टक्के होतात. तुमची तारीख कुठल्या बाजूला पडते ते आधी ठरवा, मगच कोर्स आणि सराव-संच घ्या, आणि वेळेचं हे गणितही त्याप्रमाणे तपासा. निदान तीन पूर्ण सराव परीक्षा एका बैठकीत द्या. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाचनाचा वेग नडतो: प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचा, मग वरचा प्रसंग.

घरून परीक्षा देता येते, पण खोलीत दुसरं कुणी आलं, नेट तुटलं किंवा लाईट गेली तर परीक्षा तिथंच थांबू शकते. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर तीही मोडा, त्यावरून टोकतात. शक्य असेल तर केंद्र घ्या. पुण्याला मिळालं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. पहाटे सांगलीहून निघून पेठ नाका आणि खंबाटकी ओलांडून जाऊन चार तास डोकं चालवणं अवघड आहे.

पीएमआयच्या खात्यावरचं नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि खातं उघडताना लोक फक्त नाव-आडनाव टाकतात. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट, मग खातं.

अर्ज मंजूर झाल्यापासून एक वर्षात तीनदा परीक्षा देता येते. म्हणून पहिली तारीख विमानाच्या निदान दहा आठवडे आधीची घ्या. शेवटचे दोन महिने घर आवरण्यात, बँकेत आणि नातेवाइकांत जातात, आणि पहिल्यांदा नाही जमलं तर दुसरी परीक्षाही सांगलीतूनच देता येईल.