जुन्या मधपेट्यांचा लॉट ९,००० रुपयांत: घ्यावा का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: बंद पडलेल्या मधपालनाच्या दहा पेट्या आणि जस्ताच्या पत्र्याचं मधयंत्र (पोळ्यातून मध काढायचं) मिळून ९,००० रुपयांना मिळतंय. नवी पेटी २,००० ला, सातेरीची (आपली देशी मधमाशी) वसाहत १,५०० ला. आवर्ती ठेव मोडून लॉट घ्यावा का?

लॉट घेऊ नका. निवडून, नगावर घ्या.

वरवर ११,००० वाचतात. पण कणकुंबीकडच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या दहांतल्या तीन पेट्या वाळवीने, सांधे सुटून बाद धरा. उरलेल्या सातांना मेणपत्रे, तार, खिळे, सरपण मिळून पेटीमागे ३०० लागतील. एकूण ११,१००, सात नव्या पेट्या १४,०००. बचत २,९००, म्हणजे दोन वसाहती रोगाने गेल्या की संपली. मधयंत्राची किंमत मी शून्यच धरलीय: मध आम्लधर्मी, जस्त त्यात उतरतं. स्टीलचं असतं तर गोष्ट वेगळी.

पेट्या मुळात कोणत्या माशीच्या, हे आधी मोजा. शेजारच्या दोन चौकटींच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३५ मि.मी. किंवा जास्त अंतर असेल तर त्या मेलिफेराच्या, म्हणजे मोठ्या युरोपीय माशीच्या. सातेरीला ३१-३२ लागतं. जास्त मिळालं की ती आडवीतिडवी पोळी बांधते आणि चौकट उचलताना पिल्लं फाटतात. अशी पेटी फुकट मिळाली तरी नको.

जुनी पोळी एकही ठेवू नका. मेणकिड्याची अंडी त्यातच असतात, सॅकब्रूड या पिल्लांच्या विषाणुरोगाचा धोकाही (दक्षिणेत १९९१-९२ ला सातेरी त्यानेच गेली). कापून वितळवा, मेण विका. मेलिफेराच्या पोळ्यात घरांच्या खालच्या भिंतीला नखाने न निघणारी काळी खपली दिसली तर त्या माणसाकडचं काहीच घेऊ नका. ती अमेरिकन फाउलब्रूड या पिल्लांच्या रोगाची खूण, आणि त्याचे बीजाणू लाकडात दशकानुदशकं टिकतात. बाकी पेट्या खरवडा, धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने घासा, उन्हात वाळवा, मग आतून ब्लोलँपने लाकूड कॉफीच्या रंगाचं होईतो भाजा. कोपऱ्यांत घाई होते, आणि रोगाचं मूळ नेमकं तिथेच राहतं. रंग फक्त बाहेरून.

ठेव मोडू नका. यंदा चारच पेट्या, नगाला ६०० च्या वर नाही: दुरुस्तीसह ३,६००. त्याआधी बागायत खात्यात अनुदान विचारा. मिळालं तर नवीच परवडेल. पावसाळ्यासाठी आठवड्याला पेटीमागे २०० ग्रॅम साखर, तेवढ्याच पाण्यात. सोळा आठवडे, चार पेट्या: सुमारे १३ किलो. हे पैसे आधी बाजूला काढा, कारण उपाशी सातेरी पेटी सोडून उडून जाते.